प्रॉडक्शनमध्ये गेलेली ऑर्डर आणि अडकलेले पैसे

ग्राहकांच्या शंकांचं हे सदर. या वेळी ऑनलाइन मागवलेल्या लॅपटॉपबद्दलच इतकी पत्रं आलीत की दुसरा विषय घेतलाच नाही. कॉलेजं सुरू झाली की दरवर्षी असंच होतं म्हणा.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगी वालचंदला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी कंपनीच्याच वेबसाइटवरून कस्टम लॅपटॉप ऑर्डर केला, म्हणजे प्रोसेसर, रॅम, स्क्रीन, एसएसडी सगळं आपण निवडायचं आणि मग ते बनवून पाठवतात तो प्रकार. ७२ हजार रुपये, क्रेडिट कार्डवर नो-कॉस्ट ईएमआय. रात्री साडेदहाला ऑर्डर टाकली आणि सकाळी तिच्या सिनियरने कॉन्फिगरेशन बघून डोक्याला हात लावला, म्हणाला काका यात वेगळं ग्राफिक्स कार्डच नाही, रॅम आठ जीबी आहे आणि तीपण बोर्डला सोल्डर केलेली, पुढं वाढवता येणार नाही. आम्ही पैसे सगळे भारी स्क्रीनवर घातलेले. लगेच कॅन्सल करायला गेलो तर बटण राखाडी, दाबलंच जाईना. चॅटवर बॉट नुसती माफी मागतोय. फोन केला तर एकजण म्हणाला ४८ तास थांबा, दुसरा म्हणाला ऑर्डर प्रॉडक्शनमध्ये गेली आता काही होत नाही, तिसरा म्हणाला होईल पण १५ टक्के कापून घेऊ. तिकीट नंबर दिलेला, तो प्रश्न न सोडवताच 'क्लोज्ड' झाल्याचा मेल आला. इकडं कार्डाच्या ॲपमध्ये पहिला हप्ता दिसायला लागलाय. १०,८०० रुपये सोडून द्यायचे का?
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : सोडायचे नाहीत. पण आधी तो फोन बंद करा. कस्टमर केअरला पुन्हा फोन लावून काही मिळणार नाही, कारण फोनवर तुम्ही काय बोललात याचं रेकॉर्डिंग त्यांच्याकडं असतं, तुमच्याकडं नसतं, आणि उद्या तेच म्हणणार की ग्राहकाने नुसती चौकशी केली होती, रद्द करा असं म्हटलंच नव्हतं. तीन माणसांनी तीन उत्तरं दिली यातच सगळं आलं.

आजच मेल टाका. कस्टमर केअरच्या पत्त्यावर आणि सोबत ग्रिव्हन्स ऑफिसरला. हा ग्रिव्हन्स ऑफिसर म्हणजे तक्रार निवारण अधिकारी, त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क वेबसाइटवर द्यायलाच लागतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तसं लिहिलंय. सापडायला थोडा त्रास होतो, वेबसाइटच्या अगदी तळाला बारीक अक्षरांत असतो, पण असतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असा नियम आहे. चॅटच्या बॉटला असलं काही बंधन नाही, म्हणून तर ते तुम्हाला बॉटकडं ढकलतात.

मेलमध्ये रामायण नको. मुलीचं नुकसान होतंय, आम्ही मध्यमवर्गीय माणसं, तुमच्यावर विश्वास ठेवला होता वगैरे लिहू नका, ते वाचायला तिथं कोणाला वेळ नाही. साधारण एवढं पुरे :

"ऑर्डर नंबर अमुक. अमुक तारखेला रात्री १०.३० वाजता दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी अमुक वाजता चॅटवर ती रद्द करायला सांगितलं, स्क्रीनशॉट जोडला आहे. या मेलने मी ऑर्डर रद्द करत असल्याचं पुन्हा कळवतो. माझ्या ऑर्डरचं उत्पादन कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झालं ते लेखी कळवावं. रद्द करण्याचं शुल्क कोणत्या अटीखाली आहे आणि कंपनीने स्वतः ऑर्डर रद्द केली तर ती ग्राहकाला किती देते, तेही कळवावं. पूर्ण रक्कम मूळ कार्डावर परत करावी."

मराठीत लिहिलं तरी चालतं, पण वाचणारा बहुतेक बेंगळुरू नाहीतर गुरुग्रामला बसलेला असणार, त्यामुळं मुलीकडून इंग्रजीत करून घ्या, गोष्ट लवकर पुढं सरकते.

आता त्यात विचारलेल्या दोन प्रश्नांचं महत्त्व सांगते.

पहिला, उत्पादन कधी सुरू झालं. ऑर्डर टाकल्यावर आधी पेमेंट तपासलं जातं, मग ऑर्डर कन्फर्म होते, मग तुम्ही निवडलेले पार्ट त्या ऑर्डरच्या नावाने बाजूला निघतात, मग जोडणी, मग विंडोज टाकून टेस्टिंग, मग पॅकिंग. वेबसाइटवर मात्र यातल्या निम्म्या पायऱ्यांना एकच नाव, 'इन प्रॉडक्शन'. नुसता नंबर लागलाय, स्क्रीनचं पॅनल अजून यायचंय, तरी स्टेटस तेच दिसू शकतं. रात्री साडेदहाची ऑर्डर सकाळी आठपर्यंत खरोखर बनायला घेतली असं त्यांचं म्हणणं असेल तर ते त्यांनी लिहून द्यावं. लिहून देताना माणूस जरा विचार करतो.

अजून एक बघा, ऑर्डर टाकल्यावर आलेला पहिला मेल. पुष्कळ कंपन्यांच्या अटींत असतं की हा मेल फक्त ऑर्डर मिळाल्याची पोच आहे, आम्ही ती स्वीकारली असा अर्थ नाही, स्वीकारल्यावर वेगळं कळवू. ही अट ते स्वतःच्या सोयीसाठी घालतात, म्हणजे किंमत चुकून कमी लागली तर ऑर्डर गुपचूप रद्द करता यावी. पण ती दोन्हीकडून लागते. आपला १८७२ चा करार कायदा सांगतो की समोरच्याने प्रस्ताव स्वीकारून तसं कळवायच्या आत प्रस्ताव मागं घेता येतो. स्वीकारल्याचा मेल सकाळी तुम्ही रद्द करा म्हटल्यानंतर आला असेल तर तुमची बाजू फारच भक्कम, तो मेल जपून ठेवा.

दुसरा प्रश्न १५ टक्क्यांचा. ई-कॉमर्स नियम असं म्हणतो की ऑर्डर कन्फर्म झाल्यावर ग्राहकाने रद्द केली म्हणून कंपनीला शुल्क लावता येणार नाही, जोवर कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तसंच शुल्क स्वतःही सोसत नाही. स्टॉक संपला म्हणून ऑर्डर रद्द केली आणि वर ग्राहकाला १५ टक्के दिले, असं करणारी कंपनी तुम्ही बघितलीय का? मी तर नाही. म्हणून तो प्रश्न मेलमध्ये घालायचाच. त्याला बहुतेक उत्तर येत नाही, आणि उत्तर न येणं पुढं तक्रारीत आपल्या कामाला येतं.

यावर ते म्हणतील की साहेब ही कस्टम ऑर्डर आहे, खास तुमच्यासाठी बनवलीय, दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. इथंच बहुतेक लोक गप्प बसतात, वाटतं बरोबर आहे की त्यांचं. अहो पण बघा जरा. गणपती पेठेत लग्नाची पत्रिका छापायला टाकली आणि छापून झाल्यावर नको म्हटलं तर प्रेसवाला पैसे सोडणार नाही, आणि का सोडावेत, त्या नवरा-नवरीच्या नावाची पत्रिका दुसऱ्या कोणाच्या घरी चालणार आहे का? तुमच्या लॅपटॉपवर मुलीचं नाव कोरलंय का? नाही ना. आठ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, चांगली स्क्रीन, नेहमीचा कीबोर्ड. हा डबा उद्या लातूरच्या माणसाला विकता येतो. करार कायद्याच्या ७४ व्या कलमाचा सूरही असाच आहे, करारात आकडा लिहिलाय म्हणून तेवढा सगळा मिळत नाही, वाजवी भरपाई तेवढीच मिळते. नाव कोरून घेतलंय किंवा जर्मन कीबोर्ड मागवलाय तर गोष्ट वेगळी, मग थोडं सोडायची तयारी ठेवा.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण नेटवर वाचून पुष्कळजण भांडायला जातात. १४ दिवसांत काहीही कारण न देता परत करता येतं हा नियम युरोपचा आहे, आणि तिथंही ग्राहकाच्या मापाने बनवून घेतलेल्या वस्तूला तो लागत नाही. आपल्याकडं मन बदललं म्हणून ऑनलाइन वस्तू परत करायचा सरसकट हक्क कायद्यात नाही, ती कंपनीची पॉलिसी असते. त्यामुळं मेलमध्ये १४ दिवस घालू नका, उगाच त्यांना हसायला मिळतं. तुमचा मुद्दा वेळेचा आणि शुल्काचा, त्यालाच धरून राहा.

आता हप्त्याचं. ऑर्डर कंपनीकडं आणि ईएमआय बँकेकडं, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, एक रद्द झालं म्हणून दुसरं आपोआप रद्द होईलच असं नाही. कितीतरी वेळा असं होतं की कंपनी पैसे परत करते, ते कार्डावर जमा होतात, आणि हप्ते मात्र शांतपणे चालूच, कारण बँकेला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून रिफंड निघाला असं कंपनी म्हणाली की तिच्याकडून एआरएन नंबर मागा, म्हणजे रिफंड कुठं पोचला ते बँकेला शोधता येतं तो नंबर, कार्डाच्या रिफंडला तो असतो, आणि तो घेऊन बँकेला लेखी सांगा की हा ईएमआय रद्द करा. नो-कॉस्टमध्ये व्याज असतंच बरं का, दुकानदार तेवढी सूट आधी देतो आणि बँक तेवढंच व्याज लावते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून जातो. प्रोसेसिंग फी आणि हा जीएसटी सहसा परत येत नाही, काही शे रुपयांचा तो फटका धरून चाला. आणि भांडण चालू आहे म्हणून कार्डाचं बिल मात्र थकवू नका हं, कंपनीचं काही जात नाही, सिबिल तुमचं बिघडतं.

हप्ते फायनान्स कंपनीच्या ॲपवरून घेतले असतील, म्हणजे कार्ड नसताना, तर ते सरळ कर्ज असतं. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेने कूलिंग ऑफ पिरियड ठेवायला लावलाय, निदान एक दिवस तरी, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी तेवढी जाऊ शकते. लोकांना हे माहीतच नसतं.

मेलला सरळ उत्तर नाही आलं तर १९१५. ही नॅशनल कंझ्युमर हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं, ॲपवरूनही तक्रार टाकता येते. ही कोर्ट नाही, ते कंपनीला तक्रार पाठवतात आणि उत्तर मागतात, एवढंच. पण मोठ्या कंपन्या इथून आलेल्या तक्रारीकडं जरा वेगळ्या नजरेने बघतात, बरीच प्रकरणं इथंच मिटतात. सोबत बँकेत चार्जबॅकचा अर्ज द्या, म्हणजे व्यवहारावर हरकत. त्याला मुदत असते, त्यामुळं कंपनीच्या 'आज करतो, उद्या करतो' मध्ये ती घालवू नका.

आणि त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी बेंगळुरूची असली तरी तुम्हाला तिकडं जायला लागत नाही, २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, म्हणजे आपल्या सांगलीतच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, दोन वर्षांची मुदत आहे. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं लिहिलंय खरं, पण तारखांचं तुम्हाला सांगायला नको, तेवढी चिकाटी लागते. मला विचाराल तर तुमचं प्रकरण तिथवर जाईल असं वाटत नाही.

या सगळ्यात लॅपटॉप निघाला आणि कुरिअरवाला दारात आलाच तर? घेऊ नका. ओटीपी देऊ नका, 'उघडून बघा आणि मग ठरवा' याला भुलू नका, एकदा सील फुटलं की वाद बदलतो. नाकारला असं त्याच्या मशीनवर टाकायला लावा, फोटो काढा आणि लगेच मेल. सोसायटीच्या वॉचमनला आणि घरात आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा, पार्सल तेच आनंदाने घेतात.

बाकी सिनियरचं म्हणणं बरोबर आहे. मेकॅनिकलवाले डिझाइनला जे सॉलिडवर्क्स सॉफ्टवेअर वापरतात, ते बनवणारेच निदान १६ जीबी रॅम सांगतात. एसएसडी कमी पडली असती किंवा विंडोज घ्यायचं राहिलं असतं तर मी म्हटलं असतं कशाला रद्द करताय, नंतर टाकून मिळतं, पण सोल्डर केलेल्या रॅमला इलाज नाही. फक्त पहिली ऑर्डर रद्द झाल्याचा मेल हातात येईपर्यंत दुसरी ऑर्डर टाकू नका.

प्रश्न : मी तासगावचा. लॅपटॉप कस्टम होता, तीन आठवड्यांत देतो म्हणाले. ती तारीख गेली, मग पुढची दिली, तीपण गेली, आता तिसरी. कॅन्सल करा म्हटलं तर 'कस्टम ऑर्डर नॉन-कॅन्सलेबल' हे एकच वाक्य. माझं प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर चाललंय.
— एक विद्यार्थी

उत्तर : तुझं प्रकरण वरच्यापेक्षा सोपं आहे. इथं तुझं मन बदललं नाही, शब्द त्यांनी मोडलाय. ठरलेल्या तारखेनंतर माल आला तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येणार नाही असं ई-कॉमर्स नियमांत आहे, पूर किंवा तसलंच हाताबाहेरचं कारण असेल तर तेवढी सूट त्यांना मिळते. 'पार्ट मिळाला नाही' हे हाताबाहेरचं कारण आहे का यावर ते वाद घालतील. घालू देत. ऑर्डरच्या वेळी दाखवलेल्या तारखेचा स्क्रीनशॉट नसेल तर कन्फर्मेशनच्या मेलमध्ये ती असते, ती शोध. आणि त्यांनी पुढची तारीख दिली तेव्हा तू 'ओके' असं लिहिलंस का ते बघ. लिहिलं असशील तर आता शेवटची एक तारीख तूच देऊन टाक, त्या दिवसापर्यंत नाही आला तर ऑर्डर रद्द समजावी आणि पैसे परत करावेत, असं लेखी. लांबलचक मुदत नको, आठवडा पुरे. 'नॉन-कॅन्सलेबल' असं त्यांनी अटींत लिहिलं म्हणून नियम गळून पडत नाही.

प्रश्न : मिरजेत माझं व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे, मी एकटाच करतो, लग्नाचे व्हिडिओ वगैरे. लॅपटॉपचं बिल जीएसटी नंबरवर घेतलं. आता रद्द करतोय तर कंपनी म्हणते तुम्ही व्यावसायिक खरेदीदार, ग्राहक कायदा तुम्हाला नाही. खरं का हे?
— एक वाचक

उत्तर : अर्धं खरं. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही हे बरोबर, पण त्याच कलमात पुढं स्पष्ट केलंय की स्वतः वापरून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरायची नाही. तुम्ही एकटे बसून एडिट करता, तुमचं घर त्यावर चालतं, तर तुम्ही ग्राहक. पगारी चार माणसं ठेवून दहा लॅपटॉप मागवले असते तर अवघड झालं असतं. तक्रारीत 'माझ्या उपजीविकेसाठी, स्वतःच्या वापरासाठी' हे शब्द पहिल्या परिच्छेदातच घाला. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो मुद्दा ते काढणार, त्याची तयारी ठेवा, आणि पैसे परत आले की कंपनीकडून क्रेडिट नोट घेऊन तुमच्या सीएकडं द्या, नाहीतर पुढं हिशेबात घोळ.

प्रश्न : ताई, मी कराडची. लॅपटॉपची ऑर्डर रद्द करायची होती म्हणून गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. तो माणूस फार छान बोलला, रिफंडसाठी म्हणून एक ॲप टाकायला लावलं आणि यूपीआयचा पिन टाकायला सांगितला. ३८ हजार गेले. घरी अजून सांगितलं नाही. आता काय करू?
— नाव नको

उत्तर : हे मासिक तुझ्या हातात पडेपर्यंत थांबायला नको म्हणून तुला वेगळं कळवलंय, इतरांसाठी इथं देते. आधी १९३० ला फोन, हा सायबर फसवणुकीचा नंबर, जितक्या लवकर तितकं बरं, पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. सोबत बँकेला कळवायचं आणि तक्रारीचा नंबर घ्यायचा. पिन आपणच टाकला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपल्याकडं राहतो, पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेवर असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे, म्हणून एक तास उशीरही महागात पडतो. ते ॲप काढून टाक, इंटरनेट बंद करून मग काढ, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदल.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे सगळ्या घराने पाठ करा. आणि नंबर गूगलवर शोधायचा नाही, ऑर्डरच्या मेलमध्ये किंवा बिलावर असतो तोच घ्यायचा.

घरी सांग. बँकेत आणि पोलिसांकडं जाताना सोबत कोणीतरी लागेल, आणि बँकेचे फोन घरीच येणार आहेत.